स्पॅनिशमध्ये बेल्जियमचा पुरुषही 'बेल्गा' कसा?

सायली_कोथरूड:

नमस्कार मंडळी. ऑफिसात बोगोता (कोलंबिया) आणि माद्रिदची कामं आमच्या टीमकडे आली, तेव्हापासून मी स्पॅनिशच्या क्लासला जातेय. डेलेची, म्हणजे स्पॅनिशच्या सरकारी प्रमाणपत्राची, ए२ पातळीची परीक्षा द्यायची आहे. बाकी गाडी बरी चाललीय, पण 'तो अमक्या देशाचा, ती अमक्या देशाची' हे प्रकरण काही डोक्यात बसत नाही.

'मेखिकानो–मेखिकाना' समजलं. 'फ्रान्सेस–फ्रान्सेसा' हेही ठीक. पण कॅनडाचा तो आणि कॅनडाची ती, दोघंही 'कानादिएन्से'. इराणी बाप्या आणि इराणी बाई, दोघंही 'इरानी'. आणि बेल्जियमचा धडधडीत पुरुष म्हणे 'बेल्गा'! क्लासमध्ये देशांचा एक लांबलचक तक्ता दिलाय, दोन रकान्यांचा, आणि तो पाठ करायला सांगितलाय. यामागे काही सूत्र आहे की खरंच पाठांतर?

दुसरं. वाचनाच्या उताऱ्यात एक जर्मन म्हातारे गृहस्थ आहेत. त्यांच्याबद्दल एका वाक्यात 'आलेमान' आणि पुढच्याच वाक्यात 'उना पेर्सोना आलेमाना' असं लिहिलंय. हा छापखान्याचा घोळ आहे का?

आणि तिसरं माझ्यापुरतं. बोगोताची सहकारी माझी ओळख 'इन्दू' अशी करून देते, माद्रिदचा सहकारी 'इन्दिया' म्हणतो. (स्पॅनिशमध्ये 'ह' मुका, म्हणून 'हिंदू'चा 'इन्दू'.) मी स्वतःला काय म्हणायचं?

तिरकस:

ओ म्हणजे पुल्लिंगी, आ म्हणजे स्त्रीलिंगी, बाकी सगळे अपवाद. पाठ करा. भाषा शिकायची म्हणजे पाठांतर आलंच, आम्ही नाही का 'देवः देवौ देवाः' केलं?

मास्तरीणबाई:

तिरकसराव, अपवाद इतके निघाले की नियमच अपवाद ठरेल. जरा थांबा.

सायली, अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस. ठाण्यात घरी स्पॅनिशच्या शिकवण्या घेते, त्यामुळे जिभेला सवय लागलीय. तो तक्ता आधी मिटून ठेव. देश बघायचाच नाही. पुरुषाला लावायचा शब्द घ्यायचा आणि त्याचं शेपूट बघायचं.

शेपटाला 'ओ' असेल तर ओ जातो आणि आ येतो. 'आर्खेन्तीनो–आर्खेन्तीना', 'कुबानो–कुबाना', 'रुसो–रुसा', 'चीनो–चीना', 'ग्रिएगो–ग्रिएगा'. यात कुणी अडखळत नाही, पुढे जाऊ.

शेपटाला व्यंजन असेल तर काहीही न काढता आ जोडायचा. 'एस्पान्योल–एस्पान्योला', 'इंग्लेस–इंग्लेसा', 'आलेमान–आलेमाना', 'खापोनेस–खापोनेसा', 'आन्दालूस–आन्दालूसा'. इथे लिहिताना एक गंमत होते आणि परीक्षेत नेमके तिथेच गुण जातात. 'फ्रान्सेस' लिहिताना शेवटच्या ए-वर तिरकी रेघ द्यायची, तिला 'तिल्दे' म्हणतात. 'फ्रान्सेसा' लिहिताना ती काढायची. पोरं विचारतात, बाईची रेघ का पुसली? कुणी पुसलेली नाही. जोर दोन्ही शब्दांत त्याच 'से'वर आहे. स्पॅनिशचा साधा कायदा असा: शब्द स्वर, न किंवा स-ने संपत असेल तर जोर आपोआप शेवटून दुसऱ्या अवयवावर (सिलॅबलवर) पडतो. 'फ्रान्सेस'मध्ये तो शेवटच्यावर हवा, म्हणून रेघ मारून सांगावं लागतं. 'फ्रान्सेसा'मध्ये तो आपसूक जागच्या जागी पडतो, मग रेघ कशाला? म्हणूनच अनेकवचनात 'फ्रान्सेसेस', 'आलेमानेस' यांनाही रेघ नाही. 'एस्पान्योल' ल-ने संपतो, त्याला मुळातच नाही. एवढं कळलं की रेघा पाठ कराव्या लागत नाहीत, मोठ्याने म्हणून बघितलं की पुरे.

उरलेली शेपटं हलत नाहीत. 'एन्से' हलत नाही: 'कानादिएन्से', 'कोस्तारिसेन्से', 'निकाराग्वेन्से', 'एस्तादोउनिदेन्से'. नुसता 'ए'ही नाही: 'आराबे', 'एतीओपे'. 'ई' हलत नाही, 'ऊ' हलत नाही. आणि पुरुषाच्याच शब्दाला आधीपासून 'आ' असेल तर तोही हलत नाही. तुझा 'बेल्गा' त्यातला. 'क्रोआता', 'व्हिएतनामीता', 'पेर्सा', 'माया', 'आस्तेका' हे त्याचे भाऊबंद. कळायचं कसं? आजूबाजूच्या शब्दांवरून. 'उन बेल्गा' म्हटलं की बाप्या, 'उना बेल्गा' म्हटलं की बाई.

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. मराठीत 'चांगला मुलगा, चांगली मुलगी' होतं, पण 'हुशार'चं 'हुशारी मुलगी' कुणी करत नाही. काही विशेषणं वळतात, काही वळत नाहीत, हे आपण दुधाच्या दातांबरोबर शिकलोय. इंग्रजीवरून स्पॅनिशकडे येणाऱ्याला लिंग ही भानगडच नवी असते. आपली अडचण वेगळी, कानाची आहे. मराठी कानाला 'आ' म्हणजे मुलगा, घोडा, चांगला. 'ई' म्हणजे मुलगी, घोडी, चांगली. स्पॅनिशमध्ये बरोबर उलटं: 'आ' बहुतेक वेळा बाईकडे जातो आणि देशांच्या शब्दांतली 'ई' दोघांचीही असते. 'मेखिकाना' म्हटलं की माझ्या नव्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे हमखास मिशीवाला उभा राहतो, आणि 'मार्रोकी' म्हणजे मोरोक्कोची बाईच असणार असं त्यांना वाटतं. शेपटांची यादी सोपी आहे गं, हा कान उलटा फिरवायलाच वेळ लागतो.

त्या 'ई'बद्दल थोडं जास्त सांगते, कारण ती मला फार आवडते. 'मार्रोकी', 'इराकी', 'पाकिस्तानी', 'काटारी', 'इस्राएली' यांतली ई स्पॅनिशला अरबीकडून मिळाली. स्पेनमध्ये ७११ पासून ग्रानादा पडेपर्यंत, म्हणजे १४९२ पर्यंत, कुठे ना कुठे मुसलमानी राज्य होतं, त्याची ही खूण. आपल्याकडे 'इराणी', 'अरबी' म्हणताना जी ई येते, तीही फारसी-अरबीच्याच वाटेने आलेली. आणि आपणही ती हलवत नाही, 'इराणी हॉटेल, इराणी बाई, इराणी चहा'. तेव्हा 'इरानी'ला घाबरू नकोस, तो घरचाच आहे. इस्राएलचा आजचा नागरिक 'इस्राएली', बायबलमधला 'इस्राएलीता', हा फरक मात्र लक्षात ठेव.

'बेल्गा'चं मूळ लॅटिनमध्ये आहे. सीझरच्या काळी ज्या टोळ्यांना 'बेल्गे' म्हणत, त्यांतला एकटा माणूस 'बेल्गा', आणि लॅटिनमध्ये तो आकारान्त असून पुल्लिंगी होता. 'व्हिएतनामीता'मधलं 'ईता' लॅटिनमार्गे ग्रीकमधून आलंय, तिथेही ते पुरुषवाचकच. हे परीक्षेत विचारत नाहीत. पण कारण कळलं की 'अपवाद, पाठ करा' म्हणायची पाळी येत नाही, काय तिरकसराव?

खरे अपवाद दोनचारच. 'बालेआर' (बालेआरिक बेटांचा) आणि 'प्रोव्हेन्साल' व्यंजनाने संपूनही आ घेत नाहीत. ए२ला ते भेटणार नाहीत.

आता तुझे म्हातारे जर्मन गृहस्थ. छापखाना निर्दोष आहे. विशेषण माणसाकडे बघत नाही, नामाकडे बघतं. 'पेर्सोना' हे नाम कायमचं स्त्रीलिंगी, मग ती व्यक्ती गलमिशावाला आजोबा का असेना. मराठीत 'व्यक्ती'चं तेच होतं, 'ती व्यक्ती आली' म्हणतो आणि आलेले असतात काका. तिथे आपण बिचकत नाही, मग इथे का बिचकावं?

यासाठी मी वर्गात फुटबॉल काढते. स्पेनच्या पुरुषांनी २०१०मध्ये विश्वचषक जिंकला, बायकांनी २०२३मध्ये. दोन्ही वेळा जिंकली ती 'ला सेलेक्सिओन एस्पान्योला', कारण 'सेलेक्सिओन' म्हणजे निवडलेला संघ हे नाम स्त्रीलिंगी. दाढीवाले खेळले तरी संघ 'एस्पान्योला'च, आणि त्याचं लाडकं नावसुद्धा 'ला रोखा', तांबडी. पण त्याच संघाला 'एकीपो' म्हटलंस की पुल्लिंगी, 'एकीपो एस्पान्योल'. खेळाडूंबद्दल बोलायला लागलं की पुरुष 'लोस एस्पान्योलेस' आणि बायका 'लास एस्पान्योलास'. एकाच बातमीत तिन्ही सापडतात. स्पॅनिश क्रीडापान आठवडाभर वाच, माझी शिकवणी लावायची गरज नाही.

ते नको असेल तर खाणं आणि हत्यारं. बटाटे घातलेलं जाड ऑम्लेट 'तोर्तीया एस्पान्योला', साधं पातळ ऑम्लेट 'तोर्तीया फ्रान्सेसा'. (मेक्सिकोत 'तोर्तीया' मागितलीस तर मक्याची पोळी मिळेल, तो वेगळा विषय.) मेयोनीज घातलेलं बटाट्याचं गार सॅलड 'एन्सालादीया रुसा'. जत्रेतली वरखाली धावणारी गाडी 'मोन्तान्या रुसा', शब्दशः रशियन डोंगर. आमच्या ह्यांच्या हत्यारपेटीतला स्क्रू पाना म्हणजे 'यावे इंग्लेसा'. आणि कोपऱ्यावरचा जर्मन शेफर्ड 'पास्तोर आलेमान'. यांतली स्त्रीलिंगी रूपं जिभेवर बसली की माणसांची आपोआप येतात. नाम आधी, देश मागून, हा क्रमही फुकटात बसतो. 'फ्रेंच मुलगी' म्हणायच्या सवयीने पोरं 'फ्रान्सेसा चीका' म्हणून जातात. तसं नाही, 'चीका फ्रान्सेसा'.

तिसऱ्या प्रश्नावर इथले फिरलेले लोक बोलतील, त्यांना जागा ठेवते.

म्हापशेकार:

मास्तरीणबाई, 'पेर्सोना'चं झकास सांगितलंत. आमच्या घरी आजीच्या पिढीला पोर्तुगीज येत असे, त्यामुळे यातलं बरंचसं कानावरून गेलेलं आहे. पोर्तुगीजमध्येही हाच खेळ: 'पोर्तुगेश–पोर्तुगेझा', आणि गोव्याचा माणूस 'गोएश', बाई 'गोएझा'. तिथेही पुरुषाच्या शब्दावर चिन्ह, बाईच्या शब्दावर नाही.

सायलीताईंच्या तिसऱ्या प्रश्नात पोर्तुगीज जास्त शहाणी आहे असं माझं मत. भारतातला तो 'इन्दियानो', भारतातली ती 'इन्दियाना'. ब्राझीलच्या जंगलातला मूळ रहिवासी 'ईन्दिओ'. दोन वेगळे शब्द, भांडण मिटलं. स्पॅनिशने दोघांना 'इन्दिओ–इन्दिया' हा एकच शब्द दिला आणि घोळ करून ठेवला.

डोलकाठी:

घोळ कोलंबसाने केला, भाषेने निस्तरला नाही इतकंच. १४९२ला कॅरिबियनच्या बेटांवर उतरला आणि समजला की आपण इंडीजला पोचलो. तिथल्या लोकांना 'इन्दिओस' म्हणून मोकळा झाला, आणि आपण अजून भरतोय.

मी गुहागरकडचा, मर्चंट नेव्हीतून निवृत्त. दक्षिण अमेरिकेचा पश्चिम किनारा बऱ्यापैकी पालथा घातलाय: ग्वायाकील, कायाओ, बाल्पाराईसो. तिकडे भारतीय माणसाला सर्रास 'इन्दू' म्हणतात. धर्म विचारत नाहीत आणि त्यांच्या मनातही नसतो. आमच्या जहाजावर दाभोळचा एक मुसलमान खलाशी होता, पाच वेळा नमाज पढणारा. बंदरातला हमाल त्यालाही 'इन्दू'च म्हणायचा. सुरुवातीला तो तापायचा, नंतर हसायला लागला. त्यामागचं कारण असं की तिकडे 'इन्दिओ' म्हटलं की आधी डोळ्यांपुढे येतो तो त्यांच्याच डोंगरातला केचुआ किंवा आयमारा माणूस. शिवाय बऱ्याच ठिकाणी तो शब्द तुच्छतेने वापरतात, कुणाला अडाणी म्हणायचं झालं तर 'इन्दिओ' म्हणतात. म्हणून तुमच्या बोगोताच्या सहकारी बाई 'इन्दू' म्हणतात, तो त्यांच्या परीने मान राखणंच आहे. माद्रिदला तो इतिहास दारात उभा नाही, म्हणून ते बिनधास्त 'इन्दिया' म्हणतात.

मी स्वतः 'सोय दे ला इन्दिया' म्हणायचो. भारताचा आहे. झालं. ना इन्दिओ, ना इन्दू, ना लिंगाची कटकट.

जाता जाता बंदरांतली गंमत. तिकडे देशापेक्षा गावाचं नाव जास्त चालतं, आपल्या 'कर'सारखं. ब्वेनोस आयरेसचा माणूस 'पोर्तेन्यो', बाई 'पोर्तेन्या', म्हणजे बंदरवाले. बाल्पाराईसोचेही स्वतःला 'पोर्तेन्यो'च म्हणवतात. कायाओचा 'चालाको'. कोस्तारिकाचा 'तीको', तिथली बाई 'तीका'. पण पोर्तो रिकोचे दोघंही 'बोरिक्वा', आणि निकाराग्वाचे दोघंही 'नीका'. अर्जेंटिनात कुठल्याही स्पॅनिश माणसाला 'गाय्येगो' म्हणतात, कारण स्पेनच्या गालिसिया प्रांतातून तिथे पुष्कळ लोक आले. आणि सीरिया-लेबनॉनहून आलेला 'तुर्को', कारण येताना त्याच्या हातात ऑटोमन तुर्कांचे कागद होते. त्याला तुर्क म्हणवून घ्यायचं होतं की नाही, हे कुणी विचारलं नाही.

सायली_कोथरूड:

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी! मास्तरीणबाई, क्रीडापानाची युक्ती आजच सुरू करते. डोलकाठीकाका, 'सोय दे ला इन्दिया' उचललं.

दोन उपप्रश्न. एक, मिश्र घोळका असेल, म्हणजे दोन फ्रेंच पुरुष आणि पाच फ्रेंच बायका, तर काय? दुसरं, 'मी फ्रेंच बोलते' म्हणताना, मी बाई आहे म्हणून 'फ्रान्सेसा' येईल का? आणि परीक्षेत 'इन्दू' लिहिलं तर चालेल का हो?

मास्तरीणबाई:

'इन्दू' चालेल, कुणी गुण कापणार नाही. स्पॅनिश अकादमीच्या कोशात भारताचा रहिवासी हा अर्थ आहे, आणि धर्माचा घोटाळा होणार नसेल तिथे तो अकादमीला मान्य आहे. धर्मच सांगायचा असेल तर 'इन्दुईस्ता' असा वेगळा शब्द आहे, तोही आकारान्त आणि दोघांनाही तसाच. पण तू 'इन्दिया' लिहावंस असं मला वाटतं. ए२च्या परीक्षकाला तुझं स्त्रीलिंगी रूप दिसू दे. 'सोय दे ला इन्दिया' हे बोलण्यात उत्तम, पण लेखी परीक्षेत विशेषण वळवायची संधी आपणहून कशाला सोडायची? डोलकाठी, तुम्ही किनाऱ्याला लागलात ते ठीक, हिला पेपर द्यायचाय.

कोलंबियातल्या मूळ रहिवाशांबद्दल बोलायची वेळ आलीच तर 'इन्दिओ' टाळ, 'इन्दीखेना' म्हण. पुरुषालाही 'इन्दीखेना'च, आकारान्तांच्या कुटुंबातला.

मिश्र घोळका: एक जरी पुरुष असला तरी 'फ्रान्सेसेस', पुल्लिंगी. पाच बायका असोत की पन्नास. इथे मराठी जास्त सभ्य आहे असं मी वर्गात म्हणते आणि मुली टाळ्या वाजवतात: आपण मिश्र घोळक्याला नपुंसकलिंग देतो, 'ती सगळी आली', 'ती दोघं गेली'. स्पॅनिशकडे असं तिसरं दालन नाही.

भाषेचं नाव कायम पुल्लिंगी. बोलणारी तू असलीस तरी 'आब्लो फ्रान्सेस'. आपण 'माझी मराठी' म्हणतो, म्हणून 'मी एस्पान्योला' म्हणायचा मोह होतो (स्पॅनिशमधला 'मी' म्हणजे माझा-माझी). तसं म्हणालीस तर ऐकणारा विचारेल, तुझी स्पॅनिश बाई कोण? 'मी एस्पान्योल' म्हण. घोळ नकोच असेल तर 'ला लेंग्वा एस्पान्योला' हा लांबचा रस्ता आहे, कारण 'लेंग्वा' स्त्रीलिंगी. पण 'इदिओमा' आकारान्त असून पुल्लिंगी, म्हणून 'एल इदिओमा एस्पान्योल'.

म्हापशेकार:

नाम आणि विशेषण यांत रूपाचा फरक पडतो का? मराठीत पडतो म्हणून विचारलं. 'पारशी बाई' म्हणताना पारशी तसाच राहतो, पण नुसतं नाम केलं की 'पारशीण'. 'मारवाडी–मारवाडीण' तसंच.

मास्तरीणबाई:

फार छान प्रश्न. रूप एकच, 'एस्पान्योला' दोन्हीकडे तीच. फरक आर्टिकलमध्ये, म्हणजे नामाआधीच्या 'उन', 'उना'सारख्या शब्दात दिसतो. 'एल्या एस फ्रान्सेसा', ती फ्रेंच आहे: नुसती ओळख सांगतोय, आर्टिकल नको. पण तिच्याबद्दल आणखी काही जोडलंस, 'पाँडिचेरीत राहणारी एक फ्रेंच बाई', की ते नाम झालं आणि 'उना' आली: 'एस उना फ्रान्सेसा के व्हीव्हे एन पाँडिचेरी'. इंग्रजीच्या सवयीने मुलं व्यवसाय सांगतानाही 'उन', 'उना' घुसडतात. 'ती शिक्षिका आहे' म्हणताना मराठीत 'एक' लावतो का? मग तिथेही लावू नकोस.

इंग्रजीची दुसरी खोड म्हणजे देशाची विशेषणं आणि भाषांची नावं मोठ्या अक्षराने सुरू करणं. स्पॅनिशमध्ये देशाचं नाव मोठ्या अक्षराने, पण 'एस्पान्योल', 'इन्दिया' (बाई या अर्थाने) छोट्या. 'ला इन्दिया' देश असेल तर 'इ' मोठा, तू स्वतः असशील तर छोटा.

तिरकस:

आणि 'मार्रोकी'चं अनेकवचन? तेवढं एक पाठ करायला सांगा, म्हणजे माझं समाधान होईल.

मास्तरीणबाई:

'मार्रोकीएस'. नुसता स लावून 'मार्रोकीस' केलंत तरी ग्राह्य आहे, पण लेखी परीक्षेत 'ईएस' बरं दिसतं. 'इन्दू'चंही तसंच, 'इन्दूएस'. 'बेल्गा'ला मात्र फक्त स, 'बेल्गास'. आणि 'आन्दालूस'मधला शेवटचा झेड अनेकवचनात सी होतो, उच्चार तोच राहतो, स्पेलिंग बदलतं. 'आन्दालूसा'चं अनेकवचन करताना झेड तसाच ठेवायचा.